आतून कडी

कंत्राटदाराची वाट बघणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी काम निघालंय त्यालाच विचारावं. फोनवर तो कायम निघालेलाच असतो. "निघालोच ताई, कोपऱ्यावर आहे." आता तो कोपरा कुठल्या गावचा, ते देव जाणे. इकडे चहा उकळून उकळून काळा पडतो, त्यावर साय धरते, आणि घरातल्या बाईचा अख्खा दिवस दाराकडे कान लावण्यात जातो. थोरलीचे असे किती दिवस गेले, ते तिनं मोजायचं सोडून दिलं होतं.

थोरली म्हणजे घरातली मोठी सून. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी मारलेली हाक तशीच चिकटली. पुढे नवराही थोरलीच म्हणायला लागला, जशी काही ती त्याच्याही आधीपासून या घरात होती. आता तिची पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि घरात माणसं उरली होती तीनच, ती स्वतः, नवरा आणि सासूबाई. मुलगा नोकरीसाठी परगावी. धाकटा दीर आणि धाकटी जाऊ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नव्या उंच इमारतीत.

सासूबाई पडल्या त्या बाथरूमच्या उंबऱ्यावर. उंबरा चांगला वीतभर उंच. पाणी पॅसेजमध्ये येऊ नये म्हणून सासऱ्यांनी मुद्दाम तसा करून घेतला होता. पाणी कधी आलं नाही, पण सासूबाईंचा पाय अडखळला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला. वॉकर घेऊन त्या ठकठक करत घरभर फिरायच्या, पण बाथरूमशी आल्या की गाडी अडायची. दार अरुंद, उंबरा उंच. मग थोरलीनं त्यांना कमरेला धरायचं, एक पाय पलीकडे टाकायचा, मग दुसरा, प्लास्टिकच्या स्टुलावर बसवायचं आणि आंघोळ घालायची.

दोघींनाही ते नको असायचं. सासूबाई एरवी तोंडाच्या फटकळ, एक शब्द खाली पडू द्यायच्या नाहीत. पण स्टुलावर बसल्या की भिंतीकडे तोंड करून गप्प. थोरलीही पाठीला साबण लावताना नळाकडे बघायची. एकदाच त्या म्हणाल्या होत्या, "दुसऱ्याच्या हातची आंघोळ माणसाला एकदाच घडावी, आणि तेव्हा ती आपल्याला कळू नये." थोरलीनं नुसतं पाणी ओतलं.

तेव्हा ठरलं की बाथरूम फोडून नवं करायचं. दार रुंद, उंबरा काढून टाकायचा, भिंतीला धरायला दांडे. सासूबाई आपल्या आपण आत जातील, आपल्या हातानं आंघोळ करतील. नाहीतर दुसरा रस्ता एकच, धाकट्याच्या घरी जाऊन राहायचं. तिथलं बाथरूम ऐसपैस, पण ती दोघं दिवसभर ऑफिसात. "तिथं नवव्या मजल्यावर काय भिंतींशी गप्पा मारू?" सासूबाई म्हणायच्या. त्यांना जायचं नव्हतं, आणि थोरलीलाही त्यांना पाठवायचं नव्हतं. भांडायला का होईना, घरात माणूस लागतं.

"कंत्राटदाराचं तू बघ," नवरा म्हणाला, "तुला घरातलं जास्त कळतं." ज्या बाईनं हे वाक्य एकदा ऐकलंय, तिला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पहिला आला त्याचं नाव थोरलीनं मनात टेपवाला ठेवलं. आत शिरल्या शिरल्या त्यानं जे केलं तेच पुढे सगळ्यांनी केलं. बाथरूमच्या दारात उभं राहून च्‌ च्‌ केलं, मान हलवली आणि विचारलं, "कोणी केलंय हो हे काम?" या लोकांची ती रीतच असावी. आधीच्याच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय यांचा हात चालत नाही.

समोरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "ज्यानं केलं तो वर गेलाय! जाब विचारायचा असेल तर जाऊन या!"

टेपवाला वरमला आणि मोजायला लागला. भिंती मोजल्या, दार मोजलं, उंबरा मोजला. आणखी थोडा वेळ दिला असता तर बादलीही मोजली असती. मग म्हणाला, "दार बाहेर उघडणारं करू. उंबरा जाईल. आणि ही आतली कडी काढायची."

"कडी? ती का?" थोरलीनं विचारलं.

"अहो ताई, म्हातारं माणूस आत पडलं आणि आतून कडी असली तर? दार तोडत बसणार का? वयस्कर माणूस आहे अशा घरात आपण आतून कडी ठेवतच नाही. उगीच जोखीम कशाला?"

बोलणं अगदी रास्त होतं. नाव ठेवायला जागा नव्हती. पण थोरलीचा हात आपसूक त्या कडीवर गेला.

कारण असं की त्या घरात आतून कडी लावून बसण्यासारखी जागा तेवढी एकच होती. झोपायच्या खोलीला पूर्वी कडी होती. मुलगा लहान असताना त्यानं आत कोंडून घेऊन आकांत मांडला, तेव्हा नवऱ्यानं ती उपटून टाकली. मुलाला मिसरूड फुटली, तो परगावी गेला, कडी काही परत बसली नाही. सासूबाईंच्या खोलीला कधी नव्हतीच. संडासाला होती, पण ती काय बसायची जागा? शिवाय दोन मिनिटं जास्त झाली की बाहेर नवरा खाकरायला लागायचा.

रोज सासूबाईंची आंघोळ उरकली, त्यांना पलंगावर बसवून केस पुसून दिले, की थोरली स्वतःच्या आंघोळीला जायची. कडी लावायची. नळ सोडायची. आणि स्टूल कोरडं करून त्यावर नुसती बसायची. रडायची नाही, विचार करायची नाही, देवाचं नाव घ्यायची नाही. हात मांडीत, डोळे समोरच्या तडा गेलेल्या फरशीवर. बाहेर फोन वाजो, बेल वाजो, नाहीतर "माझा चष्मा कुठंय" होवो. आत नळ चालू आहे म्हणजे माणूस ओलं आहे, आणि ओल्या माणसाला कोणी हाक मारत नाही. अंगावर दोन तांबे घाईघाईनं ओतून ती बाहेर यायची ती पुन्हा जुंपून घ्यायला. अख्ख्या दिवसातला तेवढाच काय तो वेळ तिचा होता.

आता हे सांगणार कोणाला? मला बसायला बाथरूम लागतं म्हणाली असती तर लोक म्हणाले असते, बाईचं डोकं फिरलं. इकडे म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या हातानं आंघोळ मिळायची होती, आणि तिकडे हिची एक गंजकी कडी. दोन्ही एका तराजूत घालायचीसुद्धा तिला लाज वाटायची. पण मन काही ऐकेना.

"तो माणूस मला बरा वाटला नाही," संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं.

"का?"

"चपला घालून आत आला."

दुसरा फोटोवाला. याच्या मोबाइलमध्ये इतकी बाथरूम होती की बघता बघता थोरलीचे डोळे दुखायला लागले. सगळी चकचकीत, एकातही बादली नाही. "कोणी केलंय हे काम?" झालं, सासूबाईंचं उत्तर झालं. मग म्हणाला, "ही अर्धी भिंत काढू, इथं काच लावू. उजेड बघा कसा येईल!"

"काच?" थोरली म्हणाली. "आतलं दिसेल की!"

"धुरकट काच असते ताई. नुसता माणूस हलताना दिसतो. उलट बरं, आजींवर लक्ष राहील. कडी तर काढूनच टाका, आजकाल कोण लावतं!"

नुसता माणूस हलताना दिसतो म्हणे. आणि न हलणारा माणूस? तोही दिसणारच. थोरलीनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. नवऱ्याला सांगितलं, "बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. हा पुढं काही करायचा नाही."

तिसरा ढेरपोट्या, घामाघूम, मागच्या खिशात स्क्रूड्रायव्हर खोचलेला. याच्या तोंडात एकच शब्द, म्हणून थोरलीनं त्याचं नाव होऊनजाईल ठेवलं. दार रुंद करायचंय? "होऊन जाईल." उंबरा? "होऊन जाईल." किती दिवस लागतील? "होऊन जाईल हो ताई!" शेजाऱ्यांना धुळीचा त्रास होईल, त्याचं काय, तर तेही होऊन जाईल. यानंही दारात उभं राहून कोणी केलंय म्हणून विचारलं, पण सासूबाईंचं उत्तर ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आणि ती कडी काढायची ना? होऊन जाईल."

"सगळ्याला हो म्हणतो," थोरलीनं नवऱ्याला सांगितलं. "जो सगळ्याला हो म्हणतो तो कशालाच हो म्हणत नसतो."

नवऱ्यानं ताट बाजूला सारलं. "अगं, तुला फरशी बसवायचीय की जावई शोधायचाय?"

माझ्या वेळी घरच्यांनी इतकी चौकशी केली असती तर बरं झालं असतं, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलायचासुद्धा कंटाळा आला होता. धाकटीचा फोन यायचा तो वेगळाच. "वहिनी, ऑनलाइन रेटिंग बघा ना. आणि पिवळ्या टाइल्स नको हं." तिचं काय जातंय! उंटावरून शेळ्या हाकायला कष्ट पडत नाहीत. दिवस असेच चालले होते. बाथरूम होतं तसं, उंबरा होता तिथं, सासूबाई स्टुलावर, आणि थोरली रोज नळ सोडून बसत होती आणि रोज तिला तिथं बसल्याचा अपराध वाटत होता. आता बसणंही धड राहिलं नव्हतं.

मग एका सकाळी आंघोळ घालताना सासूबाई भिंतीकडे बघतच बोलल्या, "धाकट्याला सांगितलंय मी. रविवारी येईल न्यायला. पिशवी भरून ठेवलीय."

थोरलीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "न्यायला? कोणाला?"

"मला. आणखी कोणाला? तीन माणसं आली, तिघांना तू परत पाठवलंस. एकाच्या चपला, एकाचं तोंड, एकाचा होकार. न समजायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? तुला हे काम नकोय. काम नको म्हणजे मी नको. तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही."

"मी म्हटलं का तसं? कधी म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हणालीस. पण मला खोलीत बसवलंस की इथं येऊन रडतेस ना? रोज रडतेस. दिवसभर पडून पडून ऐकण्याशिवाय मला दुसरा उद्योग काय आहे? नळ वाहतो, बादली भरून वाहते, आणि तांब्याचा आवाज नाही. आंघोळ अशी होते का कुठं? मी म्हटलं, रडू दे. मोकळी होऊ दे. कधी हाक मारली नाही. परवा घशाला कोरड पडली होती, तरी गप्प राहिले." सासूबाईंनी तोंडावरचं पाणी निपटलं. "माझ्यामुळे कोणी रोज रडावं, असं नको गं मला."

थोरली मटकन उंबऱ्यावरच बसली. पदर पाण्यात गेला तो तसाच राहिला.

"रडत नाही हो मी," ती म्हणाली.

"मग काय करतेस?"

"काही नाही. नुसती बसते."

सासूबाईंनी पहिल्यांदाच मान वळवली.

"दमते मी," थोरली म्हणाली, आणि एकदा बोलायला लागली ती थांबेना. "तुमच्यामुळे असं नाही. म्हणजे तुमच्यामुळेसुद्धा. खोटं कशाला बोलू, आता इथं आपण दोघीच आहोत. तुमच्यामुळे, ह्यांच्यामुळे, फोनमुळे, दारावरच्या बेलमुळे. सारखं कोणीतरी हाक मारत असतं. इथं नळ सोडला की कोणी मारत नाही. ओल्या माणसाला कोणी हाक मारत नाही ना. एवढी एकच कडी आहे या घरात, आणि जो येतो तो म्हणतो, ती काढा. बरोबर म्हणतात. तुमचं सगळं त्या कामावर अडलंय, तेही मला कळतं. रोज ठरवते, उद्या कोणालातरी हो म्हणायचं. आणि उद्या आला की तोंडातून नाही निघतं. एका कडीसाठी तुम्हाला असं ताटकळत ठेवलं, मलाच माझी लाज वाटते."

सासूबाईंचे ओले खांदे हलायला लागले. थोरली घाबरून उठली. बघते तर म्हातारी हसत होती.

"अगं भवाने," त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी मी पिशवी भरली? आणि त्या नवव्या मजल्यावर जाऊन मरणार होते?" मग डोळे पुसत म्हणाल्या, "आधी पाणी ओत. गारठले मी."

थोरलीनं पाणी ओतलं. केस पुसून घेताना सासूबाई म्हणाल्या, "इथली कडी जाऊ दे. उद्या मी पडले तर खरंच दार फोडत बसाल. पण त्या तिघांना परत बोलव. आता मी बघते."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पॅसेजमध्ये खुर्ची टाकायला लावली आणि वॉकर पुढ्यात आडवा धरून नाक्यावरच्या हवालदारासारख्या बसल्या. टेपवाला आला. त्याला त्यांनी टेप काढूच दिला नाही.

"आधी एक सांगा. बाथरूम फोडायच्या आधी माझ्या या खोलीला आतून कडी बसवून द्याल?"

"ते सुताराचं काम आजी. आम्ही असल्या किरकोळ कामात पडत नाही."

"बरं. या मग."

फोटोवाल्यानं तर कपाळाला हात लावला. "अहो आजी, तुमच्या वयाला खोलीला आतून कडी? काहीतरीच काय! मी तुमच्या मुलाशी बोलून घेतो."

"बोला की. आणि आंघोळही त्यालाच घाला!"

होऊनजाईल त्या दिवशी आलाच नाही. कोपऱ्यावर होता म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी घाम पुसत उगवला. सासूबाईंनी तोच प्रश्न विचारला. त्यानं खोलीचं दार हलवून बघितलं, मग वळून बाथरूमच्या दाराकडे बघितलं.

"होऊन जाईल," तो म्हणाला. "नवी कशाला आणायची? ती तिथली काढायचीच आहे ना?"

आणि मागच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून तो उकिडवा बसला. कशाला हवी, कोणाला हवी, आजींना काय झालंय, एक शब्द विचारला नाही. बाथरूमची कडी खोलली, खोलीच्या दाराला आतून लावली. काम काही नामी केलं नाही. कडी तिरकी बसली. दार जरा वर उचलून धरलं तरच लागायची. पण लागायची.

थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. "सोमवारी या," त्या होऊनजाईलला म्हणाल्या. "आणि सोमवार म्हणजे सोमवार. बुधवारी उगवलात तर दारातूनच परत पाठवीन."

संध्याकाळी नवऱ्यानं तिरकी कडी पाहिली. "आई, तुझ्या खोलीला कडी कशाला? आणि इतके बघून शेवटी हा माणूस निवडलात?"

"पदरी पडलं आणि पवित्र झालं," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्या धाकट्याला फोन कर. म्हणावं येऊ नकोस, पिशवी सोडली मी."

होऊनजाईल सोमवारी आला नाही, मंगळवारी आला. पण आला. त्याच्या माणसांनी दार काढलं, उंबरा फोडला, पांढरी धूळ घरभर पसरली. आंघोळीला थोरली आणि नवरा शेजारच्या मावशींकडे जायची आणि सासूबाईंचं अंग खोलीतच पुसून काढायचं, असं चाललं होतं. थोरलीचे तर हाल दुप्पट झाले. धूळ पुसा, चहा करा, पाणी द्या, शेजारणीची मर्जी सांभाळा. नाकी नऊ आले अगदी.

नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी तिचा हात धरला, तिला आपल्या खोलीत ढकललं आणि स्वतः वॉकर घेऊन बाहेर आल्या. "लाव," म्हणाल्या. थोरलीनं दार जरा उचललं, कडी सरकवली आणि पलंगाच्या कडेला बसली. बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. खुर्ची दाराला टेकली.

थोड्या वेळानं नवऱ्याचा आवाज आला. "थोरली! अगं टॉवेल कुठंय माझा? आई, कुठं गेली ही?"

"आंघोळ करतेय," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं वळून बघितलं. समोर बाथरूमला दार नव्हतं, नळ नव्हता. फुटक्या विटांच्या ढिगात होऊनजाईल हातोडा घेऊन उभा होता.

"कुठं करतेय आंघोळ?"

"तुला काय करायचंय? करतेय म्हटलं ना. ओल्या माणसाला हाक मारू नये. टॉवेल दोरीवर असतो, इतकी वर्षं तिथंच असतो. जा आणि घे."

आत थोरली हात मांडीत ठेवून बसली होती. नवऱ्याची पावलं दोरीकडे गेलेली तिला ऐकू आली. समोर तडा गेलेली फरशी नव्हती, सासूबाईंची उशी होती, त्यावर त्यांचा चष्मा. ती रोजच्यासारखी नुसती बसायला गेली होती. पण त्या दिवशी तिला रडू आलं, अगदी पोटातून आलं, आणि तिनं ते येऊ दिलं. आवाज झाकायला नळ नव्हता. पण बाहेर सासूबाई ओरडल्या, "अहो, थांबलात कशाला? ठोका की जोरात!" आणि होऊनजाईलनं हातोडा उचलला.